रेघ गेली, पान गेलं: पतसंस्थेतल्या एका स्कॅनरचं प्रकरण

चिपळूण परिसरातल्या एका पतसंस्थेतली ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. स्कॅनर कुठल्या कंपनीचा तेही सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. थोडा वापरणाऱ्यांचा होता, थोडा पुराचा, आणि बराचसा माझा. दुरुस्तीला मी गेलो होतो.

पार्श्वभूमी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा संस्थेच्या कर्ज विभागातल्या रॅकचे खालचे कप्पे पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर कर्मचाऱ्यांनी फाइली सोडवल्या, पानं वर्तमानपत्रावर पसरली आणि पंख्याखाली वाळवली. कागद वाळले, पण पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्यांना लाट आली, कडा एकमेकींना चिकटल्या आणि पानापानांत गाळाची पूड बसली. अशी फाइल टेबलावर झटकली की अजूनही तांबूस पीठ पडतं.

दोन वर्षांनी संचालक मंडळाने ठरवलं, की सगळ्या कर्जफाइली स्कॅन करायच्या. फेडून बंद झालेल्या खात्यांचे भिजके कागद स्कॅन झाल्यावर नष्ट करायचे, असंही त्याच बैठकीत ठरलं. हा निर्णय पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

काम पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालं. नवा टेबल-स्कॅनर आला. वर कागदांची चळत ठेवायची, मशीन एकेक पान ओढून दोन्ही बाजू एकदम टिपणार. डब्यावर वेग लिहिलेला होता मिनिटाला चाळीस पानं. कामाला दोन माणसं: पिना, टाचण्या आणि टॅग काढायला ऑफिसातले मामा, आणि मशीनवर एक तरुण ताई. सेटिंग मशीन विकणाऱ्याच्या माणसाने करून दिलं होतं. ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके), दोन्ही बाजू, कोरी बाजू आपोआप वगळायची, एका फाइलची एक पीडीएफ.

ताईंनी एक चांगली सवय पहिल्या दिवसापासून ठेवली होती. दोनशे पानी वहीत रोजची तारीख आणि त्या दिवशी झालेल्या फाइलींचा आकडा. त्या वहीकडे कोणी पाहायचं नाही. मीही पाहिलं नाही.

पहिली तक्रार: काळी रेघ

मला फोन आला तो रेघेसाठी. "सगळ्या पानांवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ येते. उजव्या कडेपासून बोटभर आत. काल नव्हती."

ही या यंत्रांची सर्वांत नेहमीची तक्रार आणि बहुतेक वेळा सर्वांत सोपी. सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये कागद स्थिर असतो आणि डोळा फिरतो, त्यामुळे काचेवर कण असला तर चित्रात ठिपकाच दिसतो. इथे उलटं आहे. डोळा एका जागी बसलेला असतो आणि कागद त्याच्यासमोरून पळतो. काचेच्या बारीक पट्टीवर एक कण जरी चिकटला तरी तो पानाच्या प्रत्येक ओळीत हजेरी लावतो, म्हणून रेघ. रेघ फक्त पुढच्या बाजूच्या चित्रात असेल तर पुढची काच बघायची, मागच्या बाजूत असेल तर मागची. सॉफ्टवेअर पुन्हा टाकायची गरज नसते, आणि 'सेन्सर गेला' म्हणून घाबरायचंही कारण नसतं.

मी झाकण उघडलं. पुढच्या काचेवर मोहरीच्या दाण्याच्याही निम्म्या आकाराचा एक कण होता. रेव्हेन्यू तिकिटाचा गोंद आणि गाळ यांची वाळलेली खपली. नखाने निघेना. मामा म्हणाले, "ब्लेड देऊ का?" ब्लेड लावलं असतं तर कण निघाला असता आणि कायमचा चरा राहिला असता, म्हणजे कायमची रेघ. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ कपडा मिनिटभर दाबून धरला, खपली मऊ झाली, पुसून काढली. कोरा कागद घालून पाहिलं, चित्र स्वच्छ.

तेवढ्यात व्यवस्थापक साहेब आले आणि अभिमानाने म्हणाले, "आता रोज चाळीस फाइली होतात. आधी वीससुद्धा होत नव्हत्या." मी मशीनकडे पाहिलं. एकदाही न थांबता चळतीमागून चळत गिळत होतं. मी म्हणालो, "मस्त पळतंय." चहा घेतला, बिलावर 'काच सफाई' लिहिलं आणि निघालो.

पुरात भिजलेले, लाटा आलेले कागद, बाहेर धो धो पाऊस, आणि मशीन एकदाही थांबत नाही. या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत हे मला त्या खुर्चीत बसून कळायला हवं होतं.

खरी अडचण

सुमारे दहा दिवसांनी वसुली अधिकाऱ्यांना एका थकीत कर्जाचं १०१ चं प्रकरण तयार करायचं होतं (महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घेतात, ते). त्यांनी कपाटाऐवजी संगणकातून फाइल उघडली. जामीनखताचं पहिलं पान होतं. दुसरं, दोन्ही जामीनदारांच्या सह्या असलेलं, नव्हतं.

मूळ फाइल बाहेर काढली. त्यात दुसरं पान जागच्या जागी होतं, सह्यांसकट. म्हणजे स्कॅनरने ते टिपलंच नव्हतं.

मला पुन्हा बोलावलं. मी पीडीएफ बारकाईने पाहिली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. जामीनखताच्या पहिल्या पानाची मागची बाजू म्हणून जे चित्र होतं, त्यात व्यवस्थापकांचा हाताने लिहिलेला शेरा होता. मूळ कागदात तो शेरा दुसऱ्या पानाच्या मागे होता. पहिल्या पानाची पाठ कोरीच होती.

उलगडा सोपा होता. दोन कागद एकमेकांना चिकटून एकदम आत गेले. पुढच्या डोळ्याने वरच्या कागदाचं तोंड टिपलं, मागच्या डोळ्याने खालच्या कागदाची पाठ टिपली. मधल्या दोन बाजू कोणी पाहिल्याच नाहीत. संगणकाच्या दृष्टीने एक कागद, दोन बाजू, सगळं ठीक. शेरा नसता तर ती पाठही कोरी म्हणून वगळली गेली असती आणि काहीही खटकलं नसतं.

पण असे चिकटलेले कागद ओळखायची सोय या मशीनमध्ये होती. कागदाच्या एका बाजूने श्राव्यातीत आवाज सोडतात, दुसऱ्या बाजूने ऐकतात. एकच कागद असेल तर ठरावीक आवाज पलीकडे पोचतो. दोन असतील तर त्यांच्यामधला हवेचा पातळ थर आवाज अडवतो, मशीन थांबतं आणि 'डबल फीड' म्हणून ओरडतं. मग ते ओरडलं का नाही?

मी ताईंना विचारलं. त्यांनी अगदी सरळ सांगितलं. कर्जअर्जावर चिकटवलेला फोटो आला की मशीन थांबायचं. तिकीट आलं, थांबायचं. पुरातल्या कप्प्याच्या फाइली सुरू झाल्या तेव्हा तर दर चार-पाच पानांना थांबायला लागलं. विक्रेत्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "सेटिंगमध्ये डबल फीडची खूण काढा, थांबणार नाही." त्यांनी काढली. थांबणं बंद झालं.

फोटोवर मशीन थांबणं तसं बरोबरच होतं. चिकटवलेला फोटो म्हणजे दोन थर आणि मध्ये हवा, मशीनच्या कानाला ते दोन कागदच वाटतात. पण खोट्या ओरडीबरोबर खरी ओरडही गप्प केली गेली.

कधीपासून?

नुकसान किती, हे ठरवायला खूण कोणत्या दिवशी काढली ते कळायला हवं होतं. ताईंना तारीख आठवेना. मग वही काढली. पहिले अकरा दिवस: १७ ते २० फाइली. बारावा दिवस: ७. तेरावा दिवस: ३६. नंतर ३८, ४१, ४०. आणखी काही विचारायची गरज नव्हती. बाराव्या दिवशी भिजके कागद सुरू झाले आणि मशीन सारखं थांबलं, त्याच संध्याकाळी खूण काढली. ३६ च्या आकड्याला साहेबांनी पेढे आणले होते, तेही वहीच्या समासात लिहिलेलं होतं.

खूण निघण्याआधीच्या फाइली २१४, नंतरच्या ४२९. रेघेसाठी मी गेलो तो पंधरावा दिवस.

दोन्ही गटांतून वीस-वीस फाइली काढून मूळ कागदांशी पानागणिक ताडून पाहिल्या. नंतरच्या वीसपैकी सात फाइलींत पानं गहाळ होती, एकूण अकरा कागद. आधीच्या वीसपैकी एका फाइलीत दोष सापडला, पण वेगळाच. कागद सगळे टिपलेले होते, मात्र एका वचनचिठ्ठीची मागची बाजू नव्हती. त्या बाजूवर फक्त फिकट अंगठा आणि साक्षीदाराची पेन्सिलीसारखी पुसट सही होती. यंत्राने ती बाजू कोरी समजून वगळली होती.

पर्याय

बैठकीत तिघांची तीन मतं पडली.

साहेबांचं म्हणणं, आहे तसं राहू द्या, मूळ कागद आहेतच, लागेल तेव्हा काढू. पैसे खर्च झालेले होते, त्यामुळे हे समजण्यासारखं होतं. पण मग बंद खात्यांचे कागद नष्ट करायचा निर्णय मागे घ्यावा लागला असता, आणि स्कॅनिंगचा अर्धा हेतूच गेला असता. वसुली अधिकारी म्हणाले, सगळंच पहिल्यापासून करा. त्यांचा विश्वासच उडाला होता.

माझ्या मनात आधी तिसरं होतं: ४२९ फाइलींचे कागद मोजायचे, पीडीएफच्या पानांशी जुळवायचे, चुकतील तेवढ्याच पुन्हा करायच्या. ऐकायला काटकसरीचं वाटतं. करायला बसलो आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की जमणार नाही. कोऱ्या बाजू वगळलेल्या असल्यामुळे चाळीस कागदांच्या फाइलीची पीडीएफ ४७ पानांची असू शकते, नाहीतर ६३ ची. बरोबर किती हे कागद न उलटता सांगताच येत नाही. जागा वाचवायला ठेवलेल्या त्या एका सोयीने हिशेब तपासायचा रस्ताच बंद केला होता. खरं तर ३०० डीपीआयला कोऱ्या पानाची दाबून ठेवलेली (कॉम्प्रेस केलेली) प्रत अगदी नगण्य जागा घेते. वाचलं काय तर काहीच नाही.

मग ठरलं असं: नंतरच्या ४२९ सरसकट पुन्हा स्कॅन करायच्या. आधीच्या २१४ डोळ्यांनी तपासायच्या. त्यांतल्या बऱ्याच जुन्या फाइलींवर निवृत्त झालेल्या एका लिपिकांनी लाल शाईने पृष्ठांकन केलेलं होतं, त्यामुळे ते काम पडद्यावर भराभर होणार होतं.

याच बैठकीत एका संचालकांनी विचारलं, "स्कॅनर आकडे बदलतो म्हणे, खरं का?" लोक हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं (आपण प्रत्येक फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, ही मात्र खरोखर त्याच कंपनीची) स्कॅन करताना ६ च्या जागी ८ छापतात. कारण होतं जेबिग-टू नावाची दाबण्याची पद्धत. ती सारखे दिसणारे छोटे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा वापरते. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. कर्जाच्या कागदात ६ चा ८ होणं काय असतं ते संचालकांना समजावावं लागलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्या-पांढऱ्या पीडीएफसाठी अशीच पद्धत निवडायची सोय होती. ती आम्ही वापरायची नाही असं ठरवलं आणि रंगीत ठेवलं. शिक्के आणि फिकट अंगठेही त्यामुळे नीट येतात.

काय केलं

सर्वांत आधी कागद नष्ट करणं थांबवलं. नशिबाने एकही गठ्ठा गेलेला नव्हता. जिन्याखाली बांधून ठेवलेले होते.

मग यंत्र. डबल फीडची खूण परत लावली, तर पहिल्याच चळतीत तीनदा थांबलं. तिन्ही वेळा खरोखरच दोन कागद होते. म्हणजे नुसती खूण लावून भागणार नव्हतं, कागद जोडीने जातात का ते शोधायला हवं होतं. या यंत्रांत एक रोलर कागद पुढे ओढतो आणि समोरचा ब्रेक रोलर बाकीच्या कागदांना मागे धरतो. मी ब्रेक रोलर काढून बोट फिरवलं. नव्या रोलरला बोट अडतं. हा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता. पांढऱ्या कपड्याने पुसला तर कपडा वीटकरी झाला.

विक्रेत्याचा माणूस फोनवर म्हणत होता, मशीनच्या पानं मोजणाऱ्या काउंटरवर २३ हजारच दिसतायत, रोलर दोन लाख पानं चालतो. तो आकडा स्वच्छ, कोरड्या कागदाचा. वाशिष्ठीचा गाळ त्यात धरलेला नाही. रोलरचा जोड मागवला. तो येईपर्यंत दर पाचशे कागदांनंतर किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसायचा, असं ठरवलं. रोलर बदलल्यावर काउंटर शून्यावर आणायचा असतो, तो ताईंकडूनच करून घेतला, म्हणजे पुढच्या वेळी माझी वाट पाहावी लागणार नाही.

कागदांची तयारी बदलली. फाइलीची पानं मशीनला देण्याआधी मामा त्यांना हवा द्यायला लागले, पत्ते पिसतात तशी, दोन्ही कडांनी. पिना काढल्यावरही भोकांची दातेरी कड एकमेकींत अडकते हे आम्हाला तेव्हाच कळलं. म्हणून पिनेचा कोपरा मागे राहील अशी चळत ठेवायची. स्कॅनरची खोली गळकी होती, तिथून त्याला वरच्या कोरड्या खोलीत नेलं, आणि दुसऱ्या दिवशीचे गठ्ठे आदल्या संध्याकाळी तिथे नेऊन ठेवायचे.

फोटो आणि तिकिटांची पानं वेगळी काढून पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून एकेक द्यायची, आणि तेवढ्यापुरतीच डबल फीडची खूण बंद असलेली वेगळी सेटिंग वापरायची. तिचं नाव ताईंनी ठेवलं 'फोटोवालं'.

मधे दोनदा स्कॅनर संगणकाला दिसेनासा झाला. लांब यूएसबी वायर काढून सोबत आलेली आखूड वायर मागच्या पोर्टला लावली, पुन्हा तसं झालं नाही.

कोरी बाजू वगळणं बंद केलं. आता हिशेब साधा झाला. मामा फाइलीचे कागद मोजून आकडा कव्हरवर पेन्सिलीने लिहिणार, पीडीएफची पानं त्याच्या बरोबर दुप्पट यायला हवीत. ३७ कागद, ७४ पानं. ७२ आली तर फाइल परत.

निष्पत्ती

४२९ फाइली पुन्हा व्हायला एकोणीस कामाचे दिवस लागले. दिवसाला साधारण बावीस-तेवीस. साहेब पहिले चार दिवस वहीतला आकडा पाहून गप्प बसत होते. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः एक फाइल मोजून पाहिली आणि त्यानंतर वेगाविषयी बोलणं थांबवलं. आधीच्या २१४ मध्ये आणखी चार फाइलींत फिकट पाठा वगळल्या गेलेल्या सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. वसुली अधिकाऱ्यांचं प्रकरण मूळ कागदांवरून वेळेत दाखल झालं. वचनचिठ्ठ्या आणि जामीनखतं स्कॅन झाली तरी कधीच नष्ट करायची नाहीत, असा वेगळा ठराव मंडळाने केला.

पुन्हा करायचं झालं तर

विक्रेत्याच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला फोनवर 'मशीन थांबतं' एवढंच सांगितलं गेलं, त्याने न थांबण्याचा उपाय दिला. मीही तेच केलं. मला रेघ सांगितली, मी रेघ काढली. पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारले असते तर पुरे होतं: गेल्या आठवड्यात सेटिंगमध्ये काय बदललं? आणि मशीन शेवटचं कधी थांबलं होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बरेच दिवसांत नाही' असं आलं असतं, आणि भिजके कागद समोर असताना ते उत्तर ऐकून मी उठलो नसतो. तीन दिवसांच्या फाइलींवर भागलं असतं.

काम सुरू करायच्या आधी एक चाचणी फाइल करायला हवी होती. फोटो, तिकीट, फिकट अंगठा, पिनेची भोकं, एक भिजकं पान असे मुद्दाम त्रासदायक तीस कागद, प्रत्येकावर क्रमांक घालून. ती रोज सकाळी एकदा मशीनमधून काढायची. पाच मिनिटांचं काम. आता मी कुठेही मशीन बसवलं की आधी अशी फाइल तिथल्याच कागदांतून बनवून देतो.

ताईंच्या वहीतही आता तिसरा रकाना आहे: 'परत आलेल्या'. बहुतेक दिवशी तिथे एक किंवा दोन असतं. शून्य आलं की त्या मला फोन करतात.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. खालच्या कप्प्यातल्या एका फाइलीत मामांनी ३१ कागद मोजले, ६२ पानं आली, हिशेब जुळला. लाल शाईचे आकडे मात्र १८ वरून थेट २० वर जात होते. अठरावा कागद उजेडासमोर धरला तेव्हा त्याच्या आत दुसऱ्याच अक्षराच्या ओळी दिसल्या. दोन कागद पुराने असे एकजीव केले होते की मामांच्या बोटांनाही एकच वाटला आणि मशीनलाही, कारण मध्ये हवा उरलीच नव्हती. सोडवायचा प्रयत्न केला तर अक्षरं उपटून यायला लागली, तेव्हा थांबलो. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाइलीला लावला आहे. वर ताईंनी लिहिलंय: 'पान १८ व १९. सुटत नाहीत. ओढू नये.'